जुन्या रुळांवरून सायकल: पीक डिस्ट्रिक्टला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

उन्हाळा लागला की डर्बी, मँचेस्टर, शेफील्ड भागात नव्याने आलेल्या कुणा ना कुणा मराठी माणसाचा मला फोन येतो. प्रश्न ठरलेला: "सायकल चालवायची हौस आहे, पण इथल्या अरुंद रस्त्यांवर मोटारी अंगावर येतात. पोरांना घेऊन कुठे जाऊ?" उत्तरही ठरलेलं आहे: पीक डिस्ट्रिक्टमधल्या जुन्या रेल्वेच्या वाटा. पण फोनवर अर्धंच सांगून होतं आणि उरलेलं अर्धं लोक वाटेत धापा टाकत शिकतात. मीही तसाच शिकलो. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो.

पीक डिस्ट्रिक्ट हे 1951 साली जाहीर झालेलं ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. 'पीक' या नावावर जाऊ नका. इथलं सर्वांत उंच ठिकाण किंडर स्काउट 636 मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्म्यालाही पोहोचत नाही. पण डोंगर बुटके असले तरी रस्ते सरळ त्यांच्या छातीवर चढवलेले आहेत. सायकलवाल्याला तारतात त्या बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटा. रूळ उखडले आणि खाली उरलेल्या पट्टीवर मोटारींना बंदी घालून चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार यांना मोकळीक दिली.

1. आधी डोक्यात रेल्वे आणा

ही पायरी कुणी सांगत नाही, म्हणून ती पहिली. या वाटा इंजिनासाठी बांधल्या होत्या. इंजिनाला खडा चढ झेपत नाही, म्हणून डोंगर फोडून खोदाई केली, दरीत भराव टाकले, बोगदे खणले, पूल उभारले. त्यामुळे वाट सपाट दिसते. दिसते, असते असं नाही. शंभराला एक-दोन असा मंद चढ डोळ्यांना कळत नाही, मांड्यांना मात्र दहा किलोमीटरनंतर बरोबर कळतो. म्हणून निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा: गाडी कुठून कुठे चढत होती? स्टेशनं कुठे होती? लाइन कुठे तोडली आहे? स्टेशनं विचारायची कारण आता चहा, शौचालय आणि पार्किंग तिथेच मिळतं.

2. मार्ग निवडा

*मॉन्सल ट्रेल.* बेकवेलपासून बक्सटनच्या अलीकडे ब्लॅकवेल मिलपर्यंत, सुमारे 13.7 किलोमीटर. पहिल्यांदा जाणाऱ्याने डोळे मिटून हाच घ्यावा. लाइन 1968 मध्ये बंद पडली. पुढे वाट झाली तरी बोगद्यांना कुलूप होतं आणि लोकांना वरून वळसा घालून जावं लागायचं. चार मोठे बोगदे 2011 मध्ये उघडले तेव्हा कुठे सलग सायकल चालवता आली. प्रत्येक बोगदा साधारण 400 मीटरचा आहे. आत दिवसा दिवे असतात, तरी उन्हातून आत शिरताना दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. गॉगल बाहेरच काढा आणि वेग कमी करा. आतून पाणी ठिबकतं, जुलैतही गारवा झोंबतो आणि प्रत्येक पोरगं आरोळी ठोकून प्रतिध्वनी ऐकतंच, त्याला इलाज नाही. हेडस्टोन बोगद्यातून बाहेर पडलात की थेट मॉन्सल हेडच्या उंच पुलावर येता. हा पूल बांधला तेव्हा दरीचं वाटोळं झालं म्हणून तावातावाने लिहिलं गेलं होतं. आज त्याच पुलाचे फोटो कॅलेंडरवर छापतात.

*टिसिंग्टन ट्रेल.* अ‍ॅशबोर्न ते पार्स्ली-हे, 21 किलोमीटर. लाइन 1967 मध्ये पूर्ण बंद झाली, वाट 1971 मध्ये खुली झाली. बोगदे जवळजवळ नाहीत, पण आभाळ मोठं आहे आणि दोन्ही बाजूंना दगडी गडग्यांची शेतं पसरलेली दिसतात. मधलं टिसिंग्टन गाव पाहायचं असेल तर असेन्शनच्या (ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या) गुरुवारच्या सुमारास जा, म्हणजे ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी. गावकरी विहिरी सजवतात: लाकडी चौकटीत ओली माती थापून तिच्यात फुलांच्या पाकळ्या एकेक दाबून चित्र काढतात. माझी आई इथे आली होती तेव्हा ती चौकटीपाशी वाकून बघत म्हणाली, "ही रांगोळीच की रे, फक्त उभी केलीय."

*हाय पीक ट्रेल.* डाउलोपासून क्रॉमफर्डजवळच्या हाय पीक जंक्शनपर्यंत, सुमारे 27 किलोमीटर. पार्स्ली-हेजवळ टिसिंग्टन ट्रेल याला येऊन मिळतो. ही लाइन 1831 मध्ये पूर्ण झाली, त्या काळी सपाटीवर डबे घोडे ओढायचे. खड्या उतारांवर डबे दोराला बांधून वर बसवलेल्या वाफेच्या इंजिनाने खेचायचे. तसलं एक इंजिन मिडलटन टॉपला अजून जपून ठेवलं आहे. खाली क्रॉमफर्डला रिचर्ड आर्कराइट या कारखानदाराची 1771 ची सूतगिरणी आहे. लालबाग-परळच्या घरातून आलेल्यांनी तिथे तासभर ठेवावा.

*लाँगडेंडेल ट्रेल.* मँचेस्टरवाल्यांसाठी. हॅडफील्डपर्यंत लोकल ट्रेन, पुढे जलाशयांच्या कडेने वुडहेड बोगद्याच्या तोंडापर्यंत दहा-साडेदहा किलोमीटर. बोगदा बंद आहे, त्यामुळे आलात तसेच परत. वारा असेल त्या दिवशी नको, आडोसा नाही.

*मॅनिफोल्ड ट्रॅक.* आता माझ्या लाडक्या वाटेकडे येतो. ह्यूम एंड ते वॉटरहाउसेस, सुमारे 13 किलोमीटर, सगळीकडे डांबर. त्यामुळे छोट्या चाकांच्या सायकलीही चालतात आणि पाऊस पडून गेल्यावरही चिखल होत नाही. चुनखडीच्या अरुंद दरीतून वाट जाते. नदी उन्हाळ्यात चक्क नाहीशी होते, कारण पाणी तळातल्या भेगांमधून जमिनीखाली उतरतं आणि कित्येक किलोमीटर पुढे इलमजवळ पुन्हा वर येतं. पात्रात नुसते गोटे आणि रुंद पानांचं रान. वर डाव्या-उजव्या कड्यांकडे बघत राहा, थॉर्स केव्ह या गुहेचं तोंड एकदम दिसतं. सायकल खाली कुलूप लावून ठेवा आणि पायी चढा. वरचा दगड लोकांच्या बुटांनी घासून गुळगुळीत झालाय, ओला असेल तर बसून उतरा.

लाडकी असण्याचं कारण वेगळं आहे. मी बार्शीचा. आमचे आजोबा आषाढीला छोट्या गाडीने पंढरपूरला जायचे आणि चढावर उतरून लघवी करून पुन्हा डबा पकडता येतो, अशा गोष्टी सांगायचे. ती बार्शी लाइट रेल्वे, 1897 मध्ये बार्शी रोड (आजची कुर्डुवाडी) ते बार्शी अशी सुरू झाली. रूळ अडीच फुटी. तिचा कर्ताधर्ता इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आणि ह्यूम एंडला माहितीफलक वाचताना मला हेच नाव दिसलं! 1904 मध्ये सुरू झालेली ही लीक अँड मॅनिफोल्ड लाइट रेल्वे त्याच माणसाने, त्याच अडीच फुटी मापाने बांधली, बार्शीच्या अनुभवावर. इंजिनांचा थाटही आपल्याकडचा, पुढे भलामोठा दिवा. दुधाच्या कॅनशिवाय फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही आणि 1934 मध्ये गाडी बंद झाली. 1937 मध्ये इथे पायवाट झाली. बार्शीची गाडी तिच्यापेक्षा कितीतरी वर्षं जास्त धावली आणि शेवटी ब्रॉडगेज झाली. फलकासमोर मी किती वेळ उभा होतो कोण जाणे, बायको पुढे जाऊन परत बोलवायला आली.

या वाटेचा एक दोष सांगून टाकतो. वेटन मिलपासून स्वेन्सली बोगद्यापर्यंत दोन-अडीच किलोमीटर मोटारींनाही परवानगी आहे, बोगद्यातसुद्धा. मोटारी कमी आणि सावकाश असतात, पण मुलं बरोबर असतील तर तेवढ्या पट्ट्यात त्यांना मध्ये घ्या, आणि बोगद्यात शिरण्याआधी थांबून समोर दिवा दिसतो का ते बघा. वॉटरहाउसेसच्या टोकाला मोठा रस्ता ओलांडावा लागतो, तिथे उतरून चालत जा.

3. चढाकडून सुरुवात करा

आमची पहिली चूक. पार्स्ली-हेला पार्किंग सोयीचं वाटलं, तिथेच सायकली भाड्याने घेतल्या आणि अ‍ॅशबोर्नच्या दिशेने निघालो. वा! पेडल मारावंच लागत नव्हतं. मुलगी सहा वर्षांची, तीसुद्धा गाणी म्हणत पुढे. टिसिंग्टनला आइस्क्रीम खाल्लं आणि वळलो. मग कळलं की सोळा किलोमीटर आपण घसरत आलो होतो. वारा समोरून, भाड्याच्या सायकली पाचच्या आत परत द्यायच्या, मुलगी रडकुंडीला. शेवटचे चार किलोमीटर मी एका हाताने माझं हँडल आणि दुसऱ्या हाताने तिची पाठ ढकलत आलो. खांदा आठवडाभर दुखला.

तेव्हा नियम साधा: सकाळी ताज्या पायांनी चढायचं, संध्याकाळी उतरायचं.

टिसिंग्टन ट्रेल अ‍ॅशबोर्नकडून सुरू करा. मॉन्सल बेकवेलकडून, म्हणजे चढ अगदी मंद मिळतो. मॅनिफोल्ड मध्ये खोलगट आहे, कुठूनही निघा, परतताना थोडं चढावंच लागतं. हाय पीकवर मात्र सावध. नकाशावर क्रॉमफर्ड स्टेशन वाटेला अगदी चिकटून दिसतं आणि लोक ट्रेनने उतरून आनंदाने निघतात. तिथून वर शीप पाश्चर आणि मिडलटन असे दोन उतार आहेत, साधारण आठाला एक. त्यावर इंजिनसुद्धा चढत नव्हतं म्हणून तर दोर लावले होते! सामान लादलेली सायकल ढकलत वर न्यावी लागते. उतरतानाही सायकलवर बसू नका, ब्रेक तापतात आणि खाली माणसं असतात. मुलांना घेऊन हाय पीक करायचा तर मिडलटन टॉपच्या पार्किंगपासून पार्स्ली-हेकडे जा. त्यातही हॉप्टनचा चौदाला एकचा चढ लागतोच, पण तो लहान आहे.

अ‍ॅशबोर्नहून निघाल्यावर थोड्याच अंतरावर वाट अचानक खोल उतरून पुन्हा वर चढते. तिथला रेल्वेपूल काढून टाकलाय. "सपाट आहे" म्हणून सांगणारे सगळे हा खड्डा विसरतात.

4. पोहोचायचं कसं

खरा धोका वाटेवर नसतो, तिथवर पोहोचण्यात असतो. बक्सटन स्टेशनवर उतरून ब्लॅकवेल मिलपर्यंत सायकलने जाऊ असं ठरवू नका, मधला ए-6 हा ट्रक-डंपरचा रस्ता आहे. मोटार असेल तर मॉन्सलसाठी हॅसप स्टेशन, बेकवेल किंवा मिलर्स डेल गाठा. पार्किंगला पैसे पडतात, आणि सुटीच्या दिवशी दहानंतर जागा मिळण्याची आशा नको.

ट्रेनमध्ये सायकल फुकट जाते, पण जागा दोन-चारच. लंडन-डर्बीसारख्या लांब पल्ल्याच्या गाडीत ती आधी आरक्षित करावी लागते. डर्बी-मॅटलॉकच्या छोट्या गाडीत आधी येईल त्याला जागा, त्यामुळे चौघांनी एकाच गाडीचा आग्रह धरू नये. अ‍ॅशबोर्नला रेल्वे उरलेली नाही. डर्बीहून बसने जा, गावातून जुन्या बोगद्यातून चालत पलीकडे निघा, तिथे भाड्याच्या सायकली मिळतात. मोटार नसणाऱ्यांसाठी मला हाच मार्ग सर्वांत सुटसुटीत वाटतो.

5. सायकल कोणती

डांबरी मॅनिफोल्ड सोडला तर इतर ठिकाणी दाबलेली चुनखडीची खडी आहे. रेसिंगच्या बारीक टायरवर हाडं खिळखिळी होतील. 35 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायरची हायब्रिड उत्तम. गिअर फार लागत नाहीत, मडगार्ड मात्र लागतात.

पहिल्या दोन फेऱ्यांना भाड्याची घ्या. आधी बुकिंग करा, ओळखपत्र न्या, काही ठिकाणी अनामत मागतात. हिवाळ्यात आठवड्याच्या मधल्या वारी केंद्र उघडं आहे ना, ते विचारून घ्या. सायकल ताब्यात घेताना दोन्ही ब्रेक दाबून बघा, सीटची उंची तिथेच करून घ्या, आणि "पंक्चर झालं तर काय?" हे तोंडाने विचारा. मुलांचा ट्रेलर, मागे जोडायची अर्धी सायकल, तीनचाकी, हाताने चालवायची सायकल हेही बऱ्याच ठिकाणी मिळतं. आजी-आजोबांना ई-बाइक द्या. 250 वॉटची, ताशी 25 किलोमीटरला मोटर बंद होणारी असेल तर ती कायद्याने साधी सायकलच धरतात. फक्त चालवणाऱ्याचं वय 14 पूर्ण हवं.

6. सोबत काय घ्यायचं

- कागदी नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा ओएल-24, लाँगडेंडेलसाठी ओएल-1. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, मिलर्स डेलच्या आसपास तर मुळीच नाही.
- ओळखपत्र, कार्ड आणि पार्किंगसाठी थोडी नाणी.
- एक जादा ट्यूब, पंप, टायर काढायचे दोन लिव्हर, घडीचा पानासंच. शरद ऋतूत कुंपणं छाटतात तेव्हा हॉथॉर्नचे काटे वाटेवर पडतात. बाभळीचा काटा आठवतो ना? त्याचाच चुलतभाऊ.
- पुढचा-मागचा दिवा आणि घंटी. काळोख झाल्यावर दिवा कायद्याने सक्तीचा, हेल्मेट सक्तीचं नाही, तरी घाला.
- जर्किन आणि हातमोजे, अगदी ऑगस्टमध्येसुद्धा. पार्स्ली-हे साडेतीनशे मीटरवर आहे. डर्बीत ऊन असतं आणि वर ढग जमिनीला टेकलेले असतात.
- खाऊ. आम्ही कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याची डबी नेतो. कडक भाकरी पिशवीत दबली तरी बिघडत नाही, फक्त तुकडे होतात, आणि ती तुकडे करूनच खायची असते. बेकवेलला गेलात तर तिथलं गोड बेकवेल पुडिंग घ्या. बेकवेल टार्ट सगळीकडे मिळतो.

7. वाटेवर वागायचं कसं

चालणारे आणि घोडेस्वार यांना आधी वाट, सायकलवाला शेवटी. मागून जाताना लांबूनच घंटी वाजवा, आणि माणसं बाजूला झाली की "थँक यू" म्हणा. इथे न म्हणणं उद्धटपणा समजतात. घोड्याच्या मागून जाताना घंटी नको, तो बुजतो. वेग कमी करून आवाज द्या, स्वार म्हणेल तेव्हा रुंद अंतर ठेवून पुढे जा. लांब दोरीने बांधलेली कुत्री हा वेगळाच प्रकार. मालक डावीकडे, कुत्रं उजवीकडे आणि मधली दोरी दिसत नाही. दोघं दोन कडांना असतील तर थांबाच.

शेतातून आडवी जाणारी वाट असते तिथे फाटक उघडलंत तर लावा. अपघात झाला तर 999 वर फोन करा. ठिकाण सांगायला नकाशावरचा चौकोन-क्रमांक वाचता येत असेल तर फार उपयोग होतो, घरी बसून एकदा शिकून घ्या.

8. जमलं तर दोन दिवसांची फेरी

एक-दोनदा दिवसभराच्या फेऱ्या झाल्या की ही करा. शनिवारी अ‍ॅशबोर्नहून टिसिंग्टन ट्रेलने चढत हार्टिंग्टनच्या जुन्या स्टेशनपर्यंत, सुमारे 18 किलोमीटर. तिथे सिग्नलची केबिन जपून ठेवली आहे. गाव स्टेशनपासून तीनेक किलोमीटर खाली, रस्त्याने. गावाचं नाव दिलं म्हणजे स्टेशन गावात असेल असं नाही, हे कुर्डुवाडीला उतरून बार्शी शोधणाऱ्यांना सांगायला नको. मुक्काम हार्टिंग्टन हॉलच्या यूथ होस्टेलमध्ये, जुना दगडी वाडा आहे. शनिवारची जागा महिने आधी भरते. तंबू टाकू म्हणाल तर इथे जागामालकाच्या परवानगीशिवाय कुठेही तंबू ठोकता येत नाही, कॅम्पसाइटच शोधावी लागेल.

रविवारी रस्त्याने ह्यूम एंड, तीन-साडेतीन किलोमीटर. मॅनिफोल्डने वॉटरहाउसेसला जाऊन परत. मग हार्टिंग्टन स्टेशनपर्यंतचा तो चढ, जो तुम्हाला आवडणार नाही, आणि तिथून अ‍ॅशबोर्नपर्यंत घसरत. दिवसाचे पन्नासच्या वर किलोमीटर होतात. मुलं लहान असतील तर वॉटरहाउसेसपर्यंत न जाता वेटन मिलला चहा पिऊन वळा.

घरी आल्यावर आंघोळीच्या आधी सायकल धुवा. ओल्या चुनखडीचा पांढरा राडा चेनमध्ये आणि ब्रेकच्या रबरांत बसतो आणि सकाळपर्यंत घराला दिलेल्या चुन्यासारखा घट्ट होतो. साधं पाणी, जुना दात घासायचा ब्रश, कापडाने कोरडं करून थेंबभर तेल. पाण्याचा जोरदार फवारा चाकाच्या आसावर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं. भाड्याची सायकल असेल तर फक्त बूट धुवा.